ऊर्जा खर्च होते, तरी स्फटिकात दोष का निर्माण होतात?

शिकाऊ_रसायनी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आहे. दोन प्रकरणं लागोपाठ वाचली आणि दोघांचं एकमेकांशी जुळेना, म्हणून हा धागा.

पहिलं प्रकरण अभिक्रियांमधल्या ऊर्जाबदलांचं. ते वाचून मी मनाशी पक्कं केलं की ऊर्जा जिथे कमी होते तिकडे पदार्थ आपणहून जातात. हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र येऊन हायड्रोजन क्लोराईड तयार होतं, तेव्हा सुमारे १८५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून ती अभिक्रिया घडते. इथवर काही अडलं नाही.

दुसरं प्रकरण आयनिक स्थायूंमधल्या दोषांचं. शॉट्की दोषात एक धनायन आणि एक ऋणायन आपापली जागा सोडतात. सोडियम क्लोराईडमध्ये अशी एक जोडी तयार व्हायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे मोलमागे जवळजवळ २२२ किलोज्यूल. ही ऊर्जा बाहेरून मुद्दाम कोणी देत नाही. तरीही पुस्तक सांगतं की निरपेक्ष शून्याच्या वर कोणताही स्फटिक परिपूर्ण नसतो.

इतकं महाग काम स्फटिक आपणहून का करतो? माझ्या समजुतीत नेमकी चूक कुठे आहे?

कुतूहल

मलाही हाच प्रश्न पडायचा. पण बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते ना? मग आयन जागेवरून सुटतो तेव्हा ऊर्जा मिळायला हवी, लागायला नको.

जुना_खडू

@कुतूहल, आधी ही गाठ सोडवू, कारण ती राहिली तर पुढचं सगळं उलटं दिसेल. बंध तोडायला ऊर्जा नेहमी लागते आणि बंध जुळताना ती नेहमी बाहेर पडते. याला अपवाद नाही. मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं आणि प्रत्येक तुकडीत ही समजूत निम्म्या मुलांची तरी असायचीच. "इंधनात ऊर्जा साठवलेली असते" या वाक्याने ती रुजते असं माझं मत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, बंध म्हणजे ताणलेली स्प्रिंग, तुटली की सुटली.

धागाकर्त्यांचंच उदाहरण घ्या. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, क्लोरीनचा तोडायला २४३. एकूण खर्च ६७९. आता हायड्रोजन-क्लोरीनचे दोन बंध जुळतात, प्रत्येकी ४३२, म्हणजे ८६४ परत. फरक १८५, तो उष्णता म्हणून बाहेर येतो. अभिक्रिया उष्मादायी ठरते ती नवे बंध जुन्यांपेक्षा घट्ट असल्यामुळे.

स्फटिकातही तोच हिशेब आहे, फक्त आयन बंधाच्या एका काडीने नाही तर चहूबाजूंच्या विरुद्ध प्रभारांनी धरलेला असतो. आता एक गंमत बघा. सोडियम क्लोराईडची जालक ऊर्जा (स्फटिक मोडून सगळे आयन वायूत सुटे करायला लागते ती) मोलमागे ७८८ किलोज्यूल, म्हणजे एका जोडीला आठेक इलेक्ट्रॉन व्होल्ट. आतली एक जोडी उपटून पार बाहेर न्यायची तर याच्या दुप्पट खर्च, कारण दोन्ही आयनांना आपापल्या सगळ्या शेजाऱ्यांपासून तोडावं लागतं. पण शॉट्की दोषात ते बाहेर जात नाहीत, पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तिथे एका जालक ऊर्जेइतकं परत मिळतं. तरी आठ उरायला हवेत. मग २.३ कसे?

उत्तर असं, की रिकाम्या जागेभोवतालचे आयन गप्प बसत नाहीत. धनायन गेला की भोवतालच्या ऋणायनांना मधून ओढणारं कोणी राहत नाही, ते किंचित मागे सरकतात, त्यांचे इलेक्ट्रॉन मेघही कलतात. या सावरण्यात बरीच ऊर्जा परत मिळते. मॉट आणि लिटलटन यांनी १९३८ मध्ये हे गणित मांडलं. आठावरून २.३ वर येतं ते या सावरण्यामुळे.

काचपात्र

हे ७८८ मोजतात कसे? वायूतले आयन एकत्र आणून स्फटिक बनवताना कोणी उष्णता मोजत असेल असं वाटत नाही.

जुना_खडू

बरोबर, थेट मोजत नाहीत. हेसने १८४० मध्ये सांगितलेला नियम वापरतात: सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाट कोणतीही घ्या, उष्णतेची बेरीज तीच. घन सोडियमची वाफ करायला १०८, तिच्यातला इलेक्ट्रॉन काढायला ४९६, अर्धा मोल क्लोरीन तोडायला १२२, क्लोरीन अणूने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ परत. निव्वळ खर्च ३७७. आणि मूलद्रव्यांपासून थेट मीठ बनताना ४११ बाहेर पडतात हे प्रयोगाने माहीत आहे. ३७७ आणि ४११ मिळून ७८८. बॉर्न-हाबर चक्र ते हेच.

तापमापी

मूळ प्रश्नाकडे येते. "ऊर्जा कमी होते तिकडे पदार्थ जातात" हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते एका प्रयोगात कोसळतं. हा प्रयोग मी प्रयोगशाळेत कितीदा केला असेल, पण दर वेळी तितकीच थक्क होते.

लाकडी फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि त्यावर चंचुपात्र ठेवायचं. पात्रात स्फटिकजल असलेलं बेरियम हायड्रॉक्साईड आणि अमोनियम क्लोराईड, दोन्ही कोरडी पांढरी पूड. काचेच्या कांडीने ढवळायला लागलं की मिनिटभरात पूड ओलसर होते, मग चिखलासारखी, मग पातळ. अमोनियाचा वास नाकात झोंबतो (खिडक्या उघड्या हव्यात, आणि बेरियमची संयुगं विषारी असल्यामुळे हातमोजे हवेतच). तापमापीतला पारा शून्याच्या खाली जातो आणि जातच राहतो. पात्राच्या बाहेर धुकं धरतं, त्याचं हिम होतं. मग पात्र उचलायचं, तर खाली गोठलेल्या पाण्याने चिकटलेली फळीसुद्धा उचलली जाते.

कोणी उष्णता दिलेली नसते. अभिक्रिया आपणहून सुरू झालेली असते, आणि ती फळीतून, काचेतून, हवेतून उष्णता ओढून घेत पुढे जाते. घट्ट बांधलेल्या दोन घन पदार्थांतून वायू आणि द्रव सुटा होतो, कणांना राहायच्या पद्धती अफाट वाढतात. एन्ट्रॉपी, म्हणजे या पद्धतींचं माप, वाढते ती इथे.

इतकं नाट्यमय नको असेल तर साधं मीठ पाण्यात विरघळताना बघा. जालक मोडायला ७८८, आयनांना पाण्याच्या रेणूंनी वेढलं की ७८४ परत. चारेक किलोज्यूल तोटाच. तरी मीठ विरघळतं. कारण एन्ट्रॉपीचा वाटा २५ अंश सेल्सियसला १३ किलोज्यूलच्या आसपास आहे. उष्णतेच्या हिशेबातून एन्ट्रॉपीचा वाटा वजा केला की मुक्त ऊर्जेतला बदल मिळतो: चार उणे तेरा, म्हणजे मुक्त ऊर्जा नऊने घटली. बघायची ती ही मुक्त ऊर्जा. फक्त उष्णता बघून दिशा ठरत नाही.

शिकाऊ_रसायनी

@तापमापी, फळीचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं, धन्यवाद. म्हणजे दोषांनाही एन्ट्रॉपीच कारण. पण हे मला अजून घोकलेल्या वाक्यासारखं वाटतंय. अब्जावधी आयनांत एक जोडी हलली तर असा कितीसा गोंधळ वाढणार? २.३ ची भरपाई त्यातून होते हे आकड्यांत कोणी दाखवेल का?

मोजदाद

दाखवतो. मला स्वतःला हे पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक मोल मीठ घ्या, साधारण साडेअठ्ठावन्न ग्रॅम. त्यात ६ × १०^२३ आयनजोड्या. स्फटिक परिपूर्ण असेल तर तो रचायची पद्धत एकच. आता एक सोडियम आणि एक क्लोराईड बाहेर काढायचा. कोणता सोडियम? ६ × १०^२३ पर्याय. कोणता क्लोराईड? तितकेच. दोन्हींचा गुणाकार केला की पद्धती झाल्या सुमारे ३.६ × १०^४७. एका पद्धतीवरून एकदम इतक्या!

बोल्ट्झमनचं सूत्र सांगतं, एन्ट्रॉपी म्हणजे पद्धतींच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक. इथे लॉगॅरिथम येतो सुमारे १०९.५. त्याला ३०० केल्विनच्या (साधारण खोलीच्या तापमानाच्या) औष्णिक ऊर्जेने, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान (केटी) = ०.०२५८५ इलेक्ट्रॉन व्होल्टने गुणा. उत्तर २.८३.

खर्च २.३, मिळकत २.८३. पहिला दोष नफ्यात!

दुसऱ्या दोषाला मिळकत थोडी कमी, कारण दोन रिक्त जागा एकमेकींत अदलाबदल केल्या तर नवी रचना होत नाही. तिसऱ्याला आणखी कमी. असं करत करत एका टप्प्यावर पुढच्या दोषाची मिळकत बरोबर २.३ होते. तिथे थांबायचं. हा टप्पा म्हणजेच पुस्तकातलं सूत्र: दोषांची संख्या = एकूण जोड्या गुणिले ई चा उणे (दोष ऊर्जा भागिले दोन केटी) हा घात. सूत्रातला तो "दोन" कुठून आला तेही आता दिसेल: रिक्त जागा दोन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीच्या निवडीचा लॉगॅरिथम वेगळा मिळतो.

आकडे घातले की ३०० केल्विनला प्रमाण येतं सुमारे ४.८ × १०^-२०. एका घन सेंटिमीटर मिठात २.२ × १०^२२ जोड्या, म्हणून दोष साधारण हजार. एक घन मिलिमीटरच्या दाण्यात सरासरी एक! त्याहून बारीक दाणा या हिशेबाने बहुतेक वेळा निर्दोषच राहील, कारण त्यात निवडीला पुरेशा जागाच नाहीत. आणि १००० केल्विनला, वितळायच्या जरा आधी, दर दहा लाख जोड्यांमागे दीड-दोन.

कुतूहल

हे पहिल्यांदाच नीट कळलं. बंधाबद्दलची माझी चूकही लक्षात आली. @जुना_खडू धन्यवाद.

काचपात्र

पण पुस्तकात तर एका घन सेंटिमीटरमागे दहा लाख दोष दिले आहेत. हजार आणि दहा लाख यांत हजारपटीचा फरक आहे.

मोजदाद

चांगलं पकडलंत. हा फरक घातांकामुळे येतो. दोष ऊर्जा २.३ ऐवजी १.९५ धरली की जवळजवळ दहा लाख मिळतात. ऊर्जेत १५ टक्के फरक, संख्येत हजारपट. शिवाय मी फक्त जागांच्या निवडीची एन्ट्रॉपी मोजली. रिक्त जागेशेजारचे आयन थोडे सैल होऊन संथ कंप पावतात, त्याचीही एन्ट्रॉपी वाढते आणि संख्या आणखी वर जाते. म्हणून खोलीच्या तापमानाचा असा आकडा पाठ करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. सूत्र समजून घ्या, आणि ऊर्जा किती धरली ते आधी विचारा.

वाहकता

वाचत होतो, आता राहवत नाही. खोलीच्या तापमानाला हजार की दहा लाख हा वाद प्रत्यक्षातल्या स्फटिकात गौण ठरतो. दोन कारणं सांगतो.

एक, समतोल गाठायला रिक्त जागांना हलावं लागतं. सोडियमच्या रिक्त जागेला शेजारच्या जागी उडी मारायला सुमारे ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा अडथळा ओलांडावा लागतो. तापलेला स्फटिक थंड होत गेला की या उड्या विरळ होतात आणि गरम असतानाचे कितीतरी दोष जागच्या जागी थिजतात.

दुसरं कारण जास्त मोठं: अशुद्धी. सोडियम क्लोराईडमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराईडचा अंश मिसळला तर प्रत्येक दोन-प्रभारी स्ट्रॉन्शियम आयन एका सोडियमच्या जागी बसतो आणि प्रभार जुळावा म्हणून आणखी एक सोडियम जागा रिकामी राहते. अशुद्धी फक्त एक अब्जांश धरा. इतका शुद्ध स्फटिक बनवणं अत्यंत अवघड आहे. तरी घन सेंटिमीटरमागे २ × १०^१३ रिक्त जागा झाल्या. त्यापुढे हजार काय आणि दहा लाख काय.

हे मी हाताने मोजलं आहे. अशा स्फटिकातून वीज वाहते ती आयन रिक्त जागांत उड्या मारत सरकतात म्हणून, त्यामुळे वाहकतेवरून रिक्त जागांचा अंदाज येतो. विद्यार्थी असताना पोटॅशियम क्लोराईडच्या स्फटिकाची चपटी चकती घेऊन, दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट लावून, भट्टीत दर दहा अंशांना वाहकता नोंदवायची होती. पहिले दोन दिवस आकडे वेडेवाकडे येत होते. कारण शेवटी सापडलं: पृष्ठभागावरचा ओलावा. रात्रभर चकती तापवून वाळवली तेव्हा कुठे आकडे सरळ झाले. मग आलेख काढला, वाहकतेचा लॉगॅरिथम विरुद्ध तापमानाचा व्यस्त. ठिपके एका रेषेत येत होते, आणि मध्येच एका ठिकाणी रेषा वाकली. पट्टी ठेवली तर एक नाही, दोन रेषा. वाकण्याच्या त्या जागेला आम्ही "गुडघा" म्हणायचो.

गुडघ्याच्या थंड बाजूला रिक्त जागांची संख्या अशुद्धीने ठरवलेली असते, ती बदलत नाही, म्हणून चढ फक्त उडीच्या ऊर्जेचा. गरम बाजूला औष्णिक दोष अशुद्धीला मागे टाकतात, तिथे चढ म्हणजे उडीची ऊर्जा अधिक दोष ऊर्जेचा अर्धा भाग. दोन चढांची वजाबाकी केली, दुप्पट केली, की दोष ऊर्जा हातात. जी गोष्ट सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, तिची ऊर्जा पट्टी-पेन्सिलने मिळाली. त्या दिवशी मी तो कागद घरी घेऊन गेलो होतो.

धातुकण

छान धागा. थोडी भर: फ्रेंकेल दोषातही रिक्त जागा होते, त्यामुळे घनता कमी होते. सिल्व्हर क्लोराईड, सिल्व्हर ब्रोमाईडमध्ये हा दिसतो.

जुना_खडू

@धातुकण, घनतेबद्दल दुरुस्ती. शॉट्की दोषात आयन पृष्ठभागावर जातात, वस्तुमान तेच राहून आकारमान वाढतं, म्हणून घनता कमी होते. फ्रेंकेल दोषात आयन जागा सोडतो पण स्फटिकातच दुसऱ्या फटीत जाऊन बसतो, त्यामुळे घनता जवळजवळ बदलत नाही. फटीत मावायला आयन लहान हवा, आणि चांदीचा आयन तर शेजाऱ्यांशी जुळवून घेणाराही आहे. फ्रेंकेलने ही कल्पना १९२६ मध्ये मांडली, शॉट्की आणि वाग्नर यांचं काम १९३० चं.

धातुकण

बरोबर, घाईत लिहिलं. धन्यवाद.

रंगछटा

रिक्त जागा दिसत नाही असं वर कोणी म्हटलंय. एका अर्थाने दिसते! सोडियम क्लोराईडचा स्वच्छ स्फटिक सोडियमच्या वाफेत तापवला की पिवळा होतो. पोटॅशियम क्लोराईड पोटॅशियमच्या वाफेत जांभळा. वाफेतला अणू पृष्ठभागावर बसतो, आतून एक क्लोराईड त्याच्याकडे येतो, आणि अणूचा सुटा झालेला इलेक्ट्रॉन आत जाऊन क्लोराईडच्या रिकाम्या जागेत अडकतो. यालाच एफ केंद्र म्हणतात. जर्मन भाषेत रंगाला "फार्बे" म्हणतात, त्यावरून. मिठात हा इलेक्ट्रॉन निळा प्रकाश शोषतो, उरलेला पिवळा आपल्याला दिसतो. पोटॅशियम क्लोराईडमध्ये ती खोली जरा ऐसपैस, म्हणून कमी ऊर्जेचा, हिरवट-पिवळा प्रकाश शोषला जातो आणि स्फटिक जांभळा दिसतो. असा एक स्फटिक मी हातात धरला होता. खिडकीकडे केल्यावर कडा गडद आणि मधला भाग फिकट दिसत होता.

तापमापी

दोषात ऊर्जा अडकूनही राहते, आणि ती हवी तेव्हा सोडवता येते. लिथियम फ्लोराईडमध्ये थोडं मॅग्नेशियम आणि टायटॅनियम मिसळून किरणोत्सर्ग मोजायच्या चकत्या करतात. किरण पडले की सुटलेले इलेक्ट्रॉन दोषांत अडकतात आणि तिथेच राहतात. नंतर चकती तापवली की ते सुटतात आणि ती ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर येते. किती प्रकाश आला त्यावरून किरणोत्सर्गाची मात्रा कळते.

शिकाऊ_रसायनी

दोन दिवस या धाग्यावरच होतो. @मोजदाद यांच्या पद्धतीने सिल्व्हर ब्रोमाईडचा हिशेब स्वतः करून बघितला, चूक असेल तर सांगा.

फ्रेंकेल दोषाची ऊर्जा सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरली. ३०० केल्विनला प्रमाण आलं ५.७ × १०^-१०. एका घन सेंटिमीटरमध्ये २.१ × १०^२२ जोड्या, म्हणून दोष साधारण १०^१३. मिठात हजार, इथे दहा लाख कोटी! मिठाच्या एक घन मिलिमीटरच्या दाण्यात सरासरी एक दोष होता. सिल्व्हर ब्रोमाईडचा एक घन मायक्रोमीटरचा, म्हणजे शंभर कोटीपट लहान दाणा घेतला, तरी त्यात दहा-बारा मोकळे चांदीचे आयन. हे इतकं कसं?

मोजदाद

हिशेब चोख आहे. फटीत बसायच्या जागा दुप्पट असतात, त्यामुळे थोडा फरक पडेल, पण पल्ला हाच. प्रत्यक्षात पृष्ठभागामुळे संख्या अजून जास्त असते. इतकं कसं याचं उत्तर त्या घातांकातच आहे: २.३ च्या जागी १.१.

वाहकता

आणि तुम्ही नकळत फिल्मच्या छायाचित्राचं कारण शोधलंत. फिल्मवरचे दाणे साधारण याच आकाराचे, मायक्रोमीटरच्या आसपासचे. प्रकाश पडला की दाण्यात सुटा इलेक्ट्रॉन तयार होतो आणि एखाद्या ठिकाणी अडकतो. फटींमधून फिरणारा चांदीचा आयन त्याच्याकडे ओढला जातो, दोघांचा मिळून चांदीचा अणू होतो. पुन्हा इलेक्ट्रॉन, पुन्हा आयन. गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये मांडलेली मांडणी ही. तीन-चार अणूंचा असा पुंजका जमला की डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) त्या अख्ख्या दाण्याची चांदी करतो. फटीतले मोकळे आयन नसते तर इलेक्ट्रॉनपाशी जाऊन पोचायला कोणीच नसतं.